चाल बिघडते तेव्हा गव्हाची चौकशी

नौपाड्यात राहणारे माझे मामा गिरणीवर गेले की आधी विचारतात, "ज्वारी कशावर दळणार?" गव्हावर दळली तर जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं, आणि त्यांना तेवढंही चालत नाही. पोटाची तक्रार त्यांना कधीच नव्हती. त्यांचा तोल जायचा. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना कठडा धरल्याशिवाय उतरता येईना. रस्त्यात झोक गेला की लोक प्यायलेला समजून बाजूला सरायचे. कान झाला, मणका झाला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. यात दोन वर्षं गेली. मग एका न्यूरॉलॉजिस्टनी गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायला सांगितल्या. तोपर्यंत हे कुणाला का सुचलं नसेल, याचा मी नंतर शोध घेत बसले.

ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराचं, म्हणजे सीलिॲकचं, नावच मुळात पोटावरून पडलंय. ग्रीक भाषेत 'कोइलिया' म्हणजे उदर. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल जी (Gee) या डॉक्टरांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं: फुगलेलं पोट, पांढुरके जुलाब, वाळत चाललेलं मूल. इलाज असलाच तर तो आहारात आहे, हेही त्यांनी ओळखलं होतं, पण गव्हावर बोट ठेवलं ते हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. तेव्हापासून हा आजार पोटाच्या डॉक्टरांकडेच राहिला.

१९६६ मध्ये बर्मिंगहॅमच्या कुक आणि स्मिथ या डॉक्टरांनी सीलिॲकच्या १६ प्रौढ रुग्णांच्या मज्जासंस्थेचे विकार नोंदवले. चालताना तोल जाणं त्यांत ठळक होतं. मृत्यूनंतरच्या तपासणीत लहान मेंदूतल्या, तोल सांभाळणाऱ्या पर्किंजी पेशी झडलेल्या दिसल्या. आतडं अन्न शोषत नाही, म्हणून नसांना जीवनसत्त्वं मिळत नाहीत, हा त्या काळचा सरळ हिशेब. पण जीवनसत्त्वं देऊनही फारसा फरक पडत नव्हता. इथेच खरं तर प्रश्न बदलायला हवा होता. तो बदलायला ३० वर्षं लागली.

शेफील्डचे न्यूरॉलॉजिस्ट मारिओस हाजीव्हासिलिऊ यांनी तो प्रश्न उलटा विचारला. सीलिॲकच्या रुग्णांत मेंदूचे विकार शोधण्याऐवजी, मेंदूविकाराचं कारणच सापडत नाही अशा रुग्णांचं रक्त त्यांनी तपासलं. १९९६ मधले आकडे असे: कारण न सापडलेल्यांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात ग्लायडिनविरोधी (ग्लायडिन हा ग्लूटेनचाच एक घटक) अँटिबॉडी होत्या, कारण माहीत असलेल्यांत ५ टक्के, निरोगी रक्तदात्यांत १२ टक्के. यातूनच 'ग्लूटेन अटॅक्सिया' हे नाव रूढ झालं; अटॅक्सिया म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ जाणं. अनेकांचं पोट ठणठणीत होतं, काहींच्या आतड्याचा तुकडा तपासला तरी दोष दिसेना.

तो १२ चा आकडा मात्र विसरू नये. अँटिबॉडी आहे म्हणजे आजार आहेच, असं नाही. म्हणूनच या मांडणीवर वाद झाले. स्नायूंचे झटके, कोरिया म्हणजे हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, पाय स्वस्थ न राहणं यांचाही सीलिॲकशी संबंध नोंदला गेलाय, पण भक्कम पुरावा तोल जाण्याचाच आहे. हात थरथरतो म्हणून कंपवाताची गोळी बंद करून त्याऐवजी गहू सोडणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

आपल्याकडे हा उत्तरेतला आजार मानला जातो, आणि त्याला आधारही आहे. हरियाणा, आसाम आणि तामिळनाडूत झालेल्या मोठ्या पाहणीत उत्तरेत साधारण शंभरात एकाला तो आढळला, दक्षिणेत अगदी क्वचित. ठाण्यातली आगरी घरं तांदळाच्या भाकरीवर वाढली हे खरं, पण आज डब्यात रोज चपातीच असते.

आणि गहू नुसता चपातीत नसतो. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. मामी आता वाशीच्या मसाला मार्केटमधून तांदळाच्या पिठातला हिंग आणते, डबी उलटून बारीक अक्षरं वाचते. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, हा आपल्याकडचा नियम तिला तोंडपाठ आहे.

कुणाला शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. अँटिबॉडी उतरतात आणि रिपोर्ट फसवतो. मेलेल्या पर्किंजी पेशी परत येत नाहीत. मामांचा झोक वाढायचा थांबलाय, पण तलावपाळीची फेरी ते आता काठी घेऊनच मारतात.