गुडघ्याची वाटी बदलली आणि संध्याकाळी मावशी चालली

सकाळी मावशीच्या गुडघ्याची वाटी (म्हणजे खरं तर सांधा) बदलली आणि संध्याकाळी पाचला फिजिओवाली वॉकर घेऊन हजर, "चला काकू, दारापर्यंत जाऊन येऊ." आम्ही बघतच राहिलो, कारण पाठीतल्या भुलेचा असर तर दुपारीच उतरला होता, पाय हलत होता, बोटं हलत होती, मग दुखत कसं नव्हतं?

तर ऑपरेशन चालू असतानाच सर्जन गुडघ्याच्या आत ठिकठिकाणी सुई टोचून औषध मुरवतात. मागच्या बाजूला टोचतात ते नवा सांधा बसवायच्या आधीच, कारण एकदा धातू बसला की तिथे सुई पोचत नाही, मग बाजूचे थर आणि शेवटी कातडीखाली. औषध तरी किती, दीडशे-दोनशे मिली, म्हणजे चांगला मोठा कपभर! सिडनीच्या डेनिस कर आणि लॉरेन्स कोहान या डॉक्टरांनी खुबा आणि गुडघ्याच्या ३२५ पेशंटवरचा अनुभव २००८ मध्ये छापला आणि ही पद्धत जगभर गेली. त्यांचे बहुतेक पेशंट पाच-सहा तासांत आधार घेऊन चालले होते.

त्यांच्या मिश्रणात तीन औषधं होती. रोपिवाकेन हे बधिर करणारं. दुखण्याचा निरोप नसेतून पुढे जातो तो सोडियम आत शिरल्यामुळे, आणि हे औषध आधी नसेत घुसतं, मग सोडियमच्या दाराला आतून कडी घालतं. केटोरोलॅक सूज आणि आग कमी करतं (किडनीचा त्रास असेल तर हे टाळतात, आधी सांगून ठेवा). ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे औषध लगेच रक्तात वाहून न जाता जागेवर टिकतं.

मग मांडीतली मोठी नसच बधिर का नाही करत? करायचे की, दुखणं छान थांबायचं, पण त्याच नसेवर मांडीचा पुढचा स्नायू चालतो, तो ढिला पडला की उभं राहताना गुडघा लचकतो आणि माणूस पडतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी मांडीत थोडं खाली ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) देतात, तिथे स्नायूची ताकद बरीचशी शाबूत राहते, आणि त्याच्या जोडीला हे सांध्यातलं इंजेक्शन.

डोसला मात्र मर्यादा आहे. बधिर करणारं औषध रक्तात जास्त गेलं तर जिभेला मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, पुढे झटके, अगदी हृदयापर्यंत मामला जातो. त्यावर उतारा काय, तर शिरेतून चढवायचं दुधासारखं पांढरं फॅट इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक घोटलेली चरबी! औषधाला चरबी आवडते, ते तिकडे ओढलं जातं. मला ही आयडिया भारी वाटते.

खांद्याची गोष्ट वेगळी. तिथे पंप लावून दोन-दोन दिवस सांध्यातच औषध सोडत राहिल्याने काहींची कूर्चा (हाडांच्या टोकावरची गुळगुळीत गादी) कायमची खराब झाली, त्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००९ मध्ये सावध केलं.

आणि शेवटी, हा असर काही तासांचाच, फार तर दिवसभराचा. तो उतरतो तेव्हा दुखणं एकदम उसळी मारतं, म्हणून गोळ्या दुखायची वाट न बघता घड्याळ लावून घ्यायच्या असतात. मावशीने "आत्ता दुखतंय कुठे?" म्हणत रात्री दहाची गोळी उशीखाली सरकवली. पहाटे तीनला नर्सची बेल दाबून धरली ती तिनेच.