ऐकायची पुस्तकं: सोलापूरच्या शाळांतल्या श्राव्य वाचनालयाची पार्श्वभूमी

श्रावण लागला की सोलापूर जिल्ह्यात अजूनही कुठल्या तरी ओसरीवर पोथी लावलेली असते. एकजण वाचतो, बाकीचे वाती वळत, शेंगा फोडत ऐकतात. पोथी बहुधा 'हरिविजय' नाहीतर 'पांडवप्रताप'. दोन्ही श्रीधरांच्या, आणि श्रीधर याच जिल्ह्यातल्या नाझऱ्याचे, सांगोला तालुक्यातले. 'हरिविजय' त्यांनी १७०२ मध्ये पंढरपुरात पुरा केला. या ग्रंथांत कवी सारखा श्रोत्यांकडे वळून बोलतो, कारण ज्याला अक्षर येत नाही तोही समोर बसलेला आहे हे त्याला ठाऊक आहे. शाळेत श्राव्य वाचनालय काढायचं म्हटलं की 'मुलं मग वाचणारच नाहीत' असा सूर हमखास निघतो. तो काढणाऱ्यांच्या आज्यांनी सगळं रामायण-महाभारत कानानेच वाचलेलं असतं.

यंत्राची गोष्ट त्यामानाने अलीकडची. १८७७ मध्ये सोलापुरात पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं यंत्र, केलं. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राचे उपयोग सांगितले, त्यांत अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होती. पण तेव्हाच्या नळकांडीवर जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आवाज मावायचा, त्यात पुस्तक कुठलं बसणार? त्यासाठी हळू फिरणाऱ्या मोठ्या तबकड्या यायला हव्या होत्या. त्या आल्यावर १९३४ मध्ये अमेरिकेत आणि १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंध वाचकांना अशी पुस्तकं मिळू लागली. एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. पुढे कॅसेट आली, मग सीडी. १९९० च्या दशकात 'डेझी' या पद्धतीने आवाजातही प्रकरण आणि पान शोधता येऊ लागलं.

कायदा मागून आला. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं श्राव्य रूप करायला परवानगीची अट उरली नाही. अंध वाचकांना पुस्तकं सहज मिळावीत म्हणून २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश आपलाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमताही अपंगत्वाच्या यादीत घेतली. म्हणजे डोळे ठणठणीत असूनही ज्याच्यापुढे अक्षरं नाचतात, असा चौथीतला मुलगाही त्यात आला. मात्र ही सवलत सगळ्या वर्गासाठी नाही, आणि शाळांचा गोंधळ नेमका इथेच होतो. शिक्षकाने वर्गात शिकवताना धडा वाचणं वेगळं आणि तोच धडा नेटवर सगळ्यांना खुला करणं वेगळं. सगळ्यांसाठी काही करायचं तर जुनं साहित्य बरं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं मोकळी आहेत. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी त्यांच्याच गोष्टी दिसतात, त्याचं हेही एक कारण.

सोलापूरला या कामात स्वतःचा असा एक दुवा आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर फोन धरला की कविता ऐकू यायची, गोष्ट ऐकू यायची. २०१७ मध्ये राज्याने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही कल्पना उचलली आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच वर्षी टाळेबंदीत शहरातल्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. यंत्रमागावर आणि विड्यांवर चालणारी घरं, स्मार्टफोन असलाच तर घरात एक, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. भिंत दिसते, पण बोलत नाही. आवाजाची गरज आहे ती इथे.

शहराच्या पूर्व भागातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही वस्त्यांत कन्नड, काहींत उर्दू. मराठी पुस्तकात 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच दिसतो, उच्चार मात्र वेगवेगळे. हे छापील पान सांगू शकत नाही, कोणाच्या तरी तोंडून ऐकावंच लागतं. म्हणून मला यंत्राच्या आवाजापेक्षा बाईंचा आवाज बरा वाटतो, थोडा घसा बसलेला असला तरी.

खर्चाचं फारसं अडत नाही. साध्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला अर्धा एमबी पुरतो. सोळा जीबीच्या कार्डात पाचशे तास सहज बसतात, म्हणजे प्राथमिक शाळेची सगळी कपाटं रिकामी करून वाचली तरी जागा उरेल. अडतं ते खोलीशी. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. एका शाळेत मी पाहिलं, खिडक्यांवर आणि फळ्यावर चार सोलापुरी चादरी टांगल्या होत्या आणि बाई त्यांच्या मधोमध फोन धरून बसल्या होत्या. घुमणं थांबलं, पण शेजारच्या मागाची खटखट काही थांबेना. शेवटी वीज गेली तेव्हा धडा पुरा झाला.

पान उलटायची खूण म्हणून बाई स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवत. आता तिथली दुसरीची मुलं आवाज नसतानाही, पान उलटलं की तोंडाने 'टिंग' म्हणतात.