कूलरच्या नळाशेजारची चकती

एप्रिल लागला की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली येतात, ताट्या बदलल्या जातात आणि रोज संध्याकाळी तोच घोटाळा सुरू होतो. टाकीत पाइप सोडून माणूस आत जातो, कोणाचा तरी फोन येतो, गॅसवर दूध असतं, आणि अर्ध्या तासाने पाणी गॅलरीतून खालच्या मजल्यावर. टायमर लावायला हवा होता हे सगळ्यांनाच कळतं. पण ओल्या हाताने घड्याळाचं अ‍ॅप शोधा, टायमरवर जा, आकडा टाका, सुरू करा, एवढा उपद्व्याप रोज कोण करणार? नळाशेजारी भिंतीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक पातळ चकती चिकटवली, तर उघडा फोन तिला टेकवताच अठरा मिनिटांचा टायमर आपोआप सुरू होतो. ही चकती म्हणजे एनएफसी (अगदी जवळून चालणारा बिनतारी संपर्क) टॅग.

आधी एक गैरसमज काढून टाकू. टॅग स्वतः काहीही करत नाही. त्यात टायमर नाही, बॅटरी नाही, इंटरनेट नाही. दारावरच्या पाटीसारखं त्याचं काम: नाव सांगायचं आणि गप्प बसायचं. ते नाव ऐकून काय करायचं हे फोन ठरवतो. हे पक्कं लक्षात असलं की टॅग चालत नसेल तेव्हा दोष कुठे शोधायचा ते पटकन कळतं.

स्टिकर बल्बसमोर धरून पाहा. आत अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्टीचे गोल गोल वेढे दिसतील आणि एका कडेला मोहरीच्या दाण्याहूनही लहान काळा ठिपका. ठिपका म्हणजे चिप, वेढे म्हणजे तिचा अँटेना. फोनच्या पाठीतही अशीच कॉइल असते. फोन तिच्यातून १३.५६ मेगाहर्ट्झचा प्रवाह सोडतो, भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्या क्षेत्रात आलेल्या टॅगच्या वेढ्यांत व्होल्टेज निर्माण होतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तेवढ्या विजेवर चिप जागी होते.

उत्तर द्यायची तिची रीत मात्र गमतीची आहे. चिपकडे स्वतःचा ट्रान्समीटर नसतो. ती आपल्या कॉइलवरचा भार ठरावीक लयीत कमीजास्त करते आणि फोनला तो फरक आपल्या कॉइलमध्ये जाणवतो. शेजारच्या खोलीत मिक्सर लावला की आपल्या खोलीतला दिवा जरासा मंदावतो आणि मिक्सर न पाहताही तो सुरू झाल्याचं कळतं, तसंच.

या १३.५६ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरींची लांबी सुमारे २२ मीटर भरते. टॅग आणि फोन त्यामानाने एकमेकांना अगदी खेटून असतात, म्हणजे इथे रेडिओलहरींपेक्षा निव्वळ चुंबकीय क्षेत्राचा खेळ आहे. कॉइलपासून दूर जाताना हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा. म्हणूनच स्टिकर दोन-चार सेंटिमीटरच्या पलीकडे वाचला जात नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर नुसतं नळाजवळून गेलं तरी टायमर लागला असता. नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी २००४ मध्ये एनएफसी फोरम स्थापन केला तो या तंत्राला एका नियमात बसवण्यासाठी. नागपूर मेट्रोच्या गेटवर महाकार्ड टेकवताना याच कंप्रतेवर बोलणं होतं.

महाकार्डाचा आणखी एक उपयोग आहे. फोनचा अँटेना नेमका कुठे आहे ते त्यावरून शोधता येतं. कार्ड टेबलावर ठेवा, एनएफसी सुरू केलेला फोन त्यावरून सावकाश सरकवा आणि जिथे आवाज किंवा थरथर होईल ती जागा ध्यानात ठेवा. टॅप करून पैसे देण्याचं बँकेचं कार्डही चालेल. आयफोनमध्ये अँटेना वरच्या कडेला असतो. अँड्रॉइडमध्ये कोणाचा कॅमेऱ्याजवळ, कोणाचा पाठीच्या मध्यावर. ‘टॅग वाचतच नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं की फोनची चुकीची बाजू टेकवली जाते. फोनमध्ये एनएफसी आहे की नाही हेसुद्धा आधी सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावं. स्वस्तातल्या कित्येक फोनांत ते नसतंच.

खरेदी करताना चिपचं नाव बघा. एनटॅग २१३ मध्ये वापरण्याजोगी जागा १४४ बाइट, २१५ मध्ये ५०४ आणि २१६ मध्ये ८८८. घरच्या कामाला २१३ पुरे. मायफेअर क्लासिक नावाचे टॅग स्वस्त दिसले तरी घेऊ नका, सगळ्या फोनांचं त्यांच्याशी जमत नाही. सोसायटीच्या गेटवरची जाड पांढरी कार्डंही सहसा कामाची नाहीत. त्यातली बरीचशी १२५ किलोहर्ट्झची असतात, फोनला ती दिसतच नाहीत.

१४४ बाइटमध्ये मावतं काय? वेबपत्त्याच्या सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या खुणांसाठी मिळून एकच बाइट लागतो, कारण त्यासाठी सांकेतिक आकडा ठरलेला आहे. त्यामुळे एखाद्या दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडणारा छोटा दुवा देशाच्या कोडसकट १९ बाइटमध्ये बसतो. मराठी मजकूर मात्र जागा खातो. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर वेगळं आणि काना-मात्रा वेगळी, तीन-तीन बाइट घेते. ‘नागपूर’ लिहायला १८ बाइट लागतात. टॅगच्या स्वतःच्या नोंदींना लागणारी जागा वजा जाता २१३ मध्ये देवनागरीच्या जेमतेम ४४ खुणा बसतात. टॅगवर पत्ता, सूचना, रक्तगट असं सगळं मराठीत लिहायचं असेल तर २१६ घ्या.

आता कूलरकडे. आधी वेळ मोजायची. १५ लिटरची बादली त्या नळाला किती वेळात भरते ते पाहा. पाच मिनिटं लागली आणि टाकी ६० लिटरची असली, तर हिशेब वीस मिनिटांचा होतो. टायमर अठराचा लावा. सकाळी नळाला जोर असतो, संध्याकाळी नसतो, तेव्हा मोजणी ज्या वेळी पाणी भरता त्याच वेळी करा.

आयफोनवर (एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा) शॉर्टकट्स अ‍ॅप उघडून ऑटोमेशनमध्ये जा, अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा आणि यादीतून एनएफसी निवडा. स्कॅन दाबून फोनची वरची कड टॅगला लावा आणि टॅगला ‘कूलर’ असं नाव द्या. मग ‘रन इमिजिएटली’ निवडा, नाहीतर दर वेळी फोन परवानगी मागत बसेल आणि सगळी मजा जाईल. शेवटी कृती म्हणून ‘स्टार्ट टायमर’ घेऊन १८ मिनिटं भरा. या सगळ्यात टॅगवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. प्रत्येक चिपला कारखान्यातच सात बाइटचा स्वतःचा क्रमांक मिळतो, आयफोन तेवढाच ओळखतो. कोरा टॅगही म्हणून चालतो.

अँड्रॉइडवर मॅक्रोड्रॉइडसारखं अ‍ॅप घ्यावं लागतं. नवा मॅक्रो (आपोआप व्हायच्या कामाची आखणी), ट्रिगर (ते काम सुरू करणारी खूण) म्हणून एनएफसी टॅग, मग अ‍ॅप सांगेल तेव्हा टॅगवर फोन टेकवून नाव लिहून घ्यायचं. इथे मात्र टॅगवर खरंच मजकूर लिहिला जातो, तेव्हा लिहून होईपर्यंत फोन हलवू नका. अर्धवट लिहिलेला टॅग बिघडल्यासारखा वागतो. घाबरायचं कारण नाही, पुन्हा लिहिला की ठीक होतो. कृतीमध्ये टायमर निवडा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन या अ‍ॅपवरचे बॅटरी वाचवण्याचे निर्बंध काढा. हे राहिलं तर पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चालतं आणि तिसऱ्या दिवशी फोन अ‍ॅपला झोपवून टाकतो. दोन्हीकडे एक अट समान: फोनचा पडदा चालू हवा. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा लॉकही उघडलेलं लागतं.

टॅग चिकटवायचा कुठे? कूलरवर तर मुळीच नाही. एक तर पाणी भरताना कूलरच्या पत्र्याला हात लागू नये. शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. दुसरं कारण भौतिकशास्त्राचं आहे आणि नवख्यांची सगळ्यात मोठी फजिती तिथेच होते.

टॅगचे वेढे आणि चिपमधलं धारित्र (वीजभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक कंप्रतेच्या सुरात लावलेलं विद्युत मंडल बनतं. एनटॅग २१३ चं धारित्र ५० पिकोफॅरड. १३.५६ मेगाहर्ट्झशी सूर जुळायला कॉइलचं प्रवर्तकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा वेढ्यांचा गुण) सुमारे २.७५ मायक्रोहेन्री लागतं. पत्र्यावर स्टिकर चिकटवला की फोनच्या क्षेत्रामुळे पत्र्यात भोवरे प्रवाह फिरू लागतात. ते उलट दिशेचं क्षेत्र तयार करून मूळ क्षेत्र खोडून काढतात, शिवाय कॉइलचं प्रवर्तकत्व घटल्याने सूरही बिघडतो. तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवून ती छेडावी तसा प्रकार. लोखंडी कपाट, फ्रिजचं दार, मोटारसायकलची टाकी, स्टीलचा डबा, सगळीकडे हेच. अशा ठिकाणी ‘ऑन मेटल’ असं लिहिलेले टॅग घ्यावेत. त्यांच्या पाठीला फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर असतो आणि तो चुंबकीय क्षेत्राला पत्र्यापर्यंत पोचू न देता मधल्यामध्ये वळवतो. ते जाड असतात, महागही पडतात. मध्ये सेंटिमीटरभर जाडीचा थर्माकोल घालून कधी कधी काम भागतं, पण ते दिसतं फार ओंगळ.

कूलरचा टॅग मग भिंतीवर, नळाच्या अलीकडे, पाणी उडणार नाही अशा उंचीवर. चुना लावलेल्या भिंतीवर डिंक धरत नाही. आधी पारदर्शक चिकटपट्टी, तिच्यावर टॅग आणि वरून पुन्हा एक पट्टी. चकती दुमडू नका. वेढा एका ठिकाणी तुटला की खेळ संपला. फोनच्या कव्हरमध्ये कारच्या स्टँडसाठी लोखंडी पत्ती ठेवलेली असेल तर तीही आडवी येते.

उन्हाचं म्हणाल तर चिपला ७० अंशांपर्यंत चालतं. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन तिच्या हिशेबी काहीच नाही. मात्र काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्या हद्दीला भिडू शकतो, आणि डिंक त्याच्या कितीतरी आधी पाघळतो. गाडीतला टॅग गिअरजवळच्या खणात, सावलीत लावा. तिथे फोन ठेवला की नकाशा उघडावा, गाणी सुरू व्हावीत, ही सोय वर्धा रोडवरून रोज मिहानला जाणाऱ्याला खरंच उपयोगी पडते.

अँड्रॉइडवरची जुनी मार्गदर्शनं वाचून मात्र फसू नका. ‘घरी आल्यावर टॅगने वाय-फाय सुरू’ हे उदाहरण सगळीकडे सापडेल. अँड्रॉइड १० पासून सामान्य अ‍ॅपला वाय-फाय चालू-बंद करण्याची मुभा नाही, अँड्रॉइड १३ पासून ब्लूटूथचीही नाही. मोबाइल डेटा तर त्याच्याही आधीपासून अ‍ॅपच्या हातात नाही. आवाज बंद करणं, डू नॉट डिस्टर्ब (याला वेगळी परवानगी द्यावी लागते), अलार्म, टायमर, अ‍ॅप उघडणं, ठरलेला मेसेज तयार ठेवणं, ही कामं नीट होतात. आयफोनवर वाय-फाय आणि ब्लूटूथ शॉर्टकट्समधून बदलता येतात.

आणखी एक सांभाळायचं. कृती ‘उलट कर’ अशी ठेवू नका. फोन टॅगवर जरा रेंगाळला की तो दोनदा वाचला जातो. आवाज बंद होतो, लगेच परत सुरू होतो आणि आपण मीटिंगमध्ये निश्चिंत बसतो. ‘बंद कर’साठी एक टॅग, ‘सुरू कर’साठी दुसरा. स्टिकर काही इतका महाग नाही.

आणि प्रत्येक कामाला टॅग हवाच असंही नाही. रात्री अकराला फोन शांत करायचा असेल तर नुसतं वेळापत्रक लावा, त्यासाठी उशाशी चकती कशाला? काम जागेशी बांधलेलं असेल आणि वेळ ठरलेली नसेल, तिथे टॅगसारखी सोय नाही. म्हणून नळ, मोटर, गाडी, कामाचं टेबल. आजीची गोळ्यांची प्लास्टिकची डबी हे तर याचं फार चांगलं उदाहरण. डबीला फोन टेकवला की नोंदवहीत तारीख-वेळ पडते, आणि ‘घेतली की नाही?’ यावरून घरात वाद होत नाहीत.

दुकानाच्या काउंटरवर किंवा कुठल्याही सार्वजनिक जागी टॅग लावणार असाल तर तो लिहून झाल्यावर कुलूपबंद करा, नाहीतर येणारा-जाणारा कोणीही त्यावर आपला दुवा लिहून जाईल. हे कुलूप कायमचं असतं, एकदा लावलं की मालकालाही उघडता येत नाही. म्हणून आधी तीन-चार वेगवेगळ्या फोनांवर वाचून पाहा. एनटॅगला चार बाइटचा पासवर्डही ठेवता येतो. त्याने लिहिणं अडतं आणि नंतर बदल करायची वाट मोकळी राहते. घरच्या वाय-फायचा पासवर्ड टॅगवर ठेवलात तर तो उघड्यावर ठेवल्यासारखाच आहे. दाराबाहेर चिकटवू नका. पाहुण्यांसाठीचा हा टॅग अँड्रॉइड फोन घेतात, आयफोन नुसता टेकवून जोडला जात नाही. आणि रस्त्यावरच्या पोस्टरवरच्या अनोळखी टॅगने पैसे मागणारं पान उघडलं तर क्यूआर कोडबाबत जी सावधगिरी बाळगता तीच बाळगा. टॅग स्वतः खात्यातून पैसे काढू शकत नाही, फसवतं ते उघडलेलं पान.

जूनमध्ये पाऊस लागला की कूलर पुन्हा माळ्यावर जातो. टॅग काढायची गरज नाही. फोनमधला १८ चा आकडा बदलून गच्चीवरची टाकी भरायला मोटरला जेवढा वेळ लागतो तेवढा घाला, नाव ‘मोटर’ करा. भिंतीवरची चकती तीच, तिला हातही लावावा लागत नाही.