चॅट सर्व्हर आणि ‘सर्व्हिस’ या शब्दाचा घोळ

स्वतःच्या मशीनवर चॅट सर्व्हर चालवण्याची रीत १९८८च्या आयआरसी या चॅट प्रणालीपासूनची. १९९९मध्ये जॅबर ही खुली चॅट प्रणाली आली आणि तिचाच प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी आपसात बोलण्याचे नियम, २००४मध्ये एक्सएमपीपी या नावाने प्रमाणित झाला. आजचे चित्र मात्र २०१३ ते २०१५ या काळात घडले. २०१३मध्ये ईमेल पुरवणाऱ्या एका बड्या कंपनीने आपल्या नव्या चॅटमधून बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांशी बोलणेच काढून टाकले. त्यानंतर दोन वर्षांत स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे मॅट्रिक्स, मॅटरमोस्ट आणि रॉकेट चॅट आले.

खरा गुंता ‘सर्व्हिस’ या शब्दाचा. वापरणाऱ्याला ती मिळणारी सेवा वाटते. ॲडमिनच्या लेखी ती मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी आणि कोणी लॉगिन नसतानाही चालू राहणारी प्रोसेस. कित्येक सर्व्हर वर्षानुवर्षे ‘स्क्रीन’ या, लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या एखाद्या विसरलेल्या सेशनमध्ये चालत. तेही चालूच असत म्हणा, मशीन रीबूट होईपर्यंत. मशीन सुरू होताना चालणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्टने रीबूटचा प्रश्न सुटे, पण मधेच कोसळलेली प्रोसेस ती उठवत नसे. प्रोसेसचा क्रमांक नोंदवणारी पिड फाइल मागे राहिली, तर मेलेला सर्व्हरही जिवंत दिसायचा. वेबचे पान पुन्हा उघडता येते. चॅट सर्व्हर पडला की जोडलेले सगळे एकाच क्षणी बाहेर फेकले जातात.

हे काम सिस्टमडी या, लिनक्सवर सर्व्हिस सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामने अंगावर घेतले आणि वाद पेटला. फेब्रुवारी २०१४मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडी निवडले गेले. एकाच प्रोग्रामच्या हाती इतके काही का द्यायचे, हा विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. काही जण फुटून निघाले आणि त्यातून सिस्टमडीविना चालणारे देवुआन उभे राहिले. पण शंभर ओळींच्या स्क्रिप्टऐवजी सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी दहा ओळींची युनिट फाइल पुरते हे एकदा अनुभवल्यावर बहुतेक ॲडमिन मागे फिरले नाहीत.

जुन्या सर्व्हरांना मात्र सवय मोडावी लागली. स्वतःहून फोर्क होऊन, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पार्श्वभूमीत जाणे हा पूर्वी शिष्टाचार होता. आता पुढेच थांबा, बाकीचे आम्ही पाहतो, असे सिस्टमडीकडून सांगितले गेले. युनिट फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑलवेज’ (पडला की नेहमी पुन्हा सुरू कर) लिहूनही सर्व्हर कायमचा आडवा झालेला दिसतो, त्याचे कारणही सिस्टमडीतच आहे: डेटाबेस तयार नसल्याने तो लागोपाठ कोसळत राहिला, तर मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांत ५ प्रयत्न झाल्यावर सिस्टमडी त्याचा नाद सोडते.