कॉलेजात सहाय्यक साधनं हवीत? अर्ज आजाराचा नको, अडलेल्या कामाचा करा

"मला दृष्टिदोष आहे, तरी योग्य ती मदत मिळावी ही विनंती." अशा अर्जावर कारकून बिचारा काय शेरा मारणार? दाखला जोडलेला असतो, सही असते, पण नेमकं काय द्यायचं हेच कुठे लिहिलेलं नसतं.

आधी पात्रता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व आणि कर्णबधिरता आहेतच, शिवाय डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही त्यात येतात. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या किमान ५ टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सवलत यांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. हा ४०चा आकडा लोक सगळीकडेच लावतात, आणि तिथेच चूक होते. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. ज्यांचं दिव्यांगत्व त्याहून कमी आहे, त्यांनी लिहिण्यात अडचण असल्याचा सरकारी वैद्यकीय दाखला जोडावा.

कागदांत पहिला मान यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांना मिळणाऱ्या सरकारी ओळखपत्राचा. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, आधार, रहिवासाचा पुरावा आणि सहा महिन्यांच्या आतला फोटो द्यायचा, मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि पुढे निळं कार्ड मिळतं. यात महिने जाऊ शकतात, म्हणून प्रवेशाची वाट पाहत बसू नका. कार्ड हातात नसेल तर नोंदणीची पावती जोडून अर्ज पुढे सरकवा. सोबत बोनाफाईड आणि लागू असेल तिथे उत्पन्नाचा दाखला. सगळ्या झेरॉक्स स्वसाक्षांकित.

आता खुद्द अर्ज. तो प्राचार्य किंवा कुलसचिवांच्या नावाने लिहा. समान संधी कक्ष असेल तर एक प्रत तिथे द्या. आजाराचं वर्णन दोन ओळींत आटपा आणि उरलेली जागा अडणाऱ्या कामाला द्या. एक उदाहरण घेऊ. इतिहासाच्या नोट्स जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवण्याची सगळ्या संगणकांवर चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या आहेत. डोळ्यांना पानावर छान देवनागरी दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तीच वाचतो आणि कानावर निव्वळ बडबड येते. स्कॅन करून केलेल्या पीडीएफची गत याहून वाईट, कारण तिथे अक्षरंच नसतात, नुसता फोटो असतो. तेव्हा "नोट्स मिळाव्यात" असं लिहून भागत नाही. असं लिहा: "सत्र ३च्या नोट्स युनिकोड वर्ड किंवा ईपब स्वरूपात, तास सुरू होण्यापूर्वी मिळाव्यात. ग्रंथालयातील एका संगणकावर एनव्हीडीए बसवून हेडफोन द्यावा. परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळावा." यातल्या पहिल्या दोन मागण्यांना कॉलेजला जवळपास खर्च नाही, आणि हे अर्जात आवर्जून लिहावं. पाठ्यपुस्तकांसाठी कॉलेजच्या भरवशावर राहण्याआधी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय बघून घ्या.

साधन स्वतःच्या मालकीचं हवं असेल, म्हणजे श्रवणयंत्र किंवा डेझी प्लेअर (बोलकी पुस्तकं ऐकवणारं यंत्र) वगैरे, तर वाट वेगळी: साधनांसाठी मदत देणारी केंद्राची एडीआयपी योजना. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्मी. विद्यार्थी पालकांवर अवलंबून असेल तर पालकांचं उत्पन्न धरतात. तेच साधन गेल्या तीन वर्षांत सरकारकडून घेतलेलं नसावं.

प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी २०१६च्या त्याच कायद्याचं कलम २० वाचण्यासारखं आहे. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्याच आहेत, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. अर्ज विभागप्रमुखांमार्फत करा, पण इथेही तोच नियम. "ऐकू कमी येतं" असं मोघम न लिहिता "बैठकीत चार जण एकदम बोलले की समजत नाही, विषयपत्रिका आदल्या दिवशी लेखी मिळावी, ऑनलाइन बैठकीत कॅप्शन (बोलणं पडद्यावर लिहून दाखवणारी सोय) सुरू ठेवावीत" असं लिहा.

अर्ज हातात देऊन नुसते परत येऊ नका. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. तोंडी "बघतो" याला पुढे काहीच किंमत राहत नाही. दाद लागली नाही तर, तुम्ही सरकारी संस्थेतले कर्मचारी असल्यास, कलम २३ प्रमाणे नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. ती नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करणं त्याला बंधनकारक आहे. तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. दोन्हीकडे जाताना त्या शिक्क्याच्या पोचीची झेरॉक्स सोबत न्या.