विजेचा बाजार खुला होतो, तेव्हा भावाची जोखीम कुणाच्या माथी?

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर हिमवादळ आलं. वीजकेंद्रं गारठून बंद पडली आणि घाऊक बाजारात (जिथं विक्रेते वीजकेंद्रांकडून वीज घेतात) भाव युनिटमागे ९ डॉलरच्या कमाल मर्यादेला भिडून काही दिवस तिथंच राहिला. विक्रेत्याशी ठरलेल्या दराचा करार असलेल्या घरांना त्याची झळ लगेच लागली नाही. ‘ग्रिडी’ कंपनीचे ग्राहक मात्र महिना ९.९९ डॉलर भरून वीज थेट घाऊक भावानं घेत होते. एरवी ती स्वस्त पडायची. त्या आठवड्यात काहींची बिलं हजारो डॉलरवर गेली.

भाव चढला की वापर कमी करावा, हे बाजाराचं तत्त्व. पण कडाक्याच्या थंडीत हीटर बंद कोण करणार? शिवाय विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवावा लागतो. ऐन टंचाईत शेवटची थोडी वीज ज्याच्या हाती, तो म्हणेल तो भाव. मग बाजारात वीज उत्पादक कितीही असोत.

मग ग्राहकाचा दर गोठवून टाकायचा का? कॅलिफोर्नियानं नेमकं तेच केलं होतं. घाऊक भाव मोकळे सोडले, बहुतेक ग्राहकांचे दर मात्र बांधून ठेवले. २०००-०१ च्या संकटात वितरण कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकत राहिल्या आणि एप्रिल २००१ मध्ये ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’नं दिवाळखोरीचा अर्ज केला. (टंचाईच्या त्या खेळात एन्रॉनच्या व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतले, हे नंतर उघड झालं.) अखेर राज्य सरकारनं वीज विकत घेतली आणि तो खर्च पुढे अनेक वर्षं ग्राहकांच्याच बिलांतून वसूल झाला.

म्हणून वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या वीजयोजनांची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांचं मला फारसं कौतुक नाही. विक्रेत्यानं पुढच्या महिन्यांची वीज आधीच ठरल्या भावानं घेऊन ठेवली आहे का, हे तपासणारा नियामक जास्त मोलाचा. ब्रिटनमध्ये २०२१ साली गॅस आणि त्यामुळे वीजही महागल्यावर एकामागून एक विक्रेते बुडाले, त्यांतल्या कित्येकांकडे अशी तजवीज पुरेशी नव्हती. तारांचं जाळं वेगळ्या, नियंत्रित कंपन्यांकडे असल्यानं कुणाचेही दिवे गेले नाहीत. ‘ऑफजेम’ या नियामकानं बहुतेक ग्राहक दुसऱ्या विक्रेत्यांकडे सोपवले. या हस्तांतराचा खर्च देशभरातल्या बिलांवर पडला, तेव्हा कुठे विक्रेत्यांच्या आर्थिक तपासणीचे नियम कडक झाले. टेक्सासनं त्याच वर्षी घरगुती ग्राहकांसाठी थेट घाऊक भावाच्या योजनांवर बंदी घातली.