गेम अडकतोय? प्लॅन वाढवण्याआधी लॅन वायर लावून बघा

रात्री आठनंतर कोथरूड-कर्वेनगरमधून आम्हा इंटरनेटवाल्यांना येणाऱ्या फोनमध्ये एक मागणी ठरलेली असते : "शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी मुलाचा गेम अडकतो. दोनशेचा करून द्या." प्लॅन वाढवण्यात आमचा फायदाच आहे. पण गेम तसाच अडकणार हे ठाऊक असताना तुमचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

व्हॅलोरंट किंवा बीजीएमआयसारखा ऑनलाइन गेम खेळताना सहसा एक एमबीपीएससुद्धा पुरता लागत नाही. मोठा प्लॅन कामी येतो तो गेम डाउनलोड किंवा अपडेट करताना. खेळताना बघायचं ते पिंग, म्हणजे तुमचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागलेले मिलिसेकंद. ४० असेल आणि ४०च राहत असेल तर उत्तम. मध्येच २००वर उडी गेली की समोरचा खेळाडू जागच्या जागी थिजतो आणि पुढच्या क्षणी तुम्ही आउट.

ही उडी बहुतेक वेळा घरातच पडते. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, खेळणारा आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतल्या वरच्या, खालच्या, शेजारच्या फ्लॅटचे राउटर तिथेच गर्दी करतात, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्यातच. ५ गिगाहर्ट्झ बरंच मोकळं असतं, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतं. व्हिडिओला हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. गेमला ती सोय नाही.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. इंग्रजीत ping, मग स्पेस, मग राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) टाइप करा. आतल्या खोलीत वायफायवर ३, ८५, ४, १४० असे आकडे दिसतील. लॅन वायर, म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची केबल, लावली की ओळीने १ किंवा त्याहून कमी. हे अंतर लॅपटॉप ते राउटर एवढंच आहे, आमची फायबर यात येतच नाही.

म्हणून कळकळीची विनंती : बेडरूममधून मोबाइलवर स्पीड टेस्ट करून त्याचा स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यावरून लाइनचं काहीच कळत नाही. आमचा माणूस येतो, वायर जोडतो, सगळं व्यवस्थित निघतं. तुमची अर्धी रजा जाते आणि ज्यांची फायबर रस्त्याच्या खोदाईत खरंच तुटली आहे ते ताटकळतात. फोनवर आम्ही आधी "वायर लावून बघितलं का?" विचारतो ते यासाठी. काहींना ती टाळाटाळ वाटते, तशी ती नाही. मात्र ओएनटीवर (आमची फायबर घरात ज्या डबीला जोडलेली असते तिच्यावर) लाल दिवा लुकलुकत असेल तर काहीही तपासत बसू नका, लगेच फोन करा.

वायर लावूनही ठरावीक वेळी अडकत असेल, तर त्या वेळी घरात काय अपलोड होतंय ते बघा. फोटोंचा बॅकअप किंवा क्लाउडवरचा सीसीटीव्ही अपलोडची वाट भरून टाकतो आणि गेमचा निरोप मागे रांगेत उभा राहतो. राउटरला क्यूओएस (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर आम्ही सेट करून देतो.

सर्व्हरही तपासा. व्हॅलोरंटचा मुंबईला आहे. सिंगापूर निवडलंत तर अंतर जवळजवळ ४,००० किलोमीटर, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नुसत्या जाण्यायेण्याचे ४० मिलिसेकंद झाले. ते कोणताही इंटरनेटवाला कमी करू शकत नाही, म्हणूनच 'गेमिंग प्लॅन' असं काही आम्ही विकत नाही.

आम्ही कॅट ६ प्रकारची लॅन वायर पट्टीतून, भिंतीच्या कडेने टाकून देतो आणि पैसे मीटरप्रमाणे घेतो. भाड्याच्या घरात भोक न पाडता चिकटपट्टीवर बसवतो. घरात जुनी वायर असेल तर आधी ती दाखवा. आठही तारा जोडलेल्या असतील तर नवीन घ्यायची गरज नाही, चारच असतील तर ती १०० एमबीपीएसच्या पुढे जाणार नाही. आणि तपासायला वायरच नसेल तर ऑफिसमधून दहा मीटरची एक दिवसासाठी घेऊन जा, तिचे पैसे नाहीत.